भिंतीलगतचं यंत्र

“बघावं तेव्हा डोकं तापलेलं, अगदी मालकासारखं,” थोरल्या भावाची बायको कॉम्प्रेसरकडे बघत पुटपुटली. थोरल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाकट्याशी झालेल्या भांडणानंतर त्याने कारखान्याच्या मधोमध भिंत घातली; भावाभावांत सामाईक उरलं ते दोन्हीकडे दाबाची हवा पुरवणारं भिंतीलगतचं एवढं यंत्र. तेही तेव्हापासून रोज दुपारी तापमानाचा अलार्म वाजवून बंद पडायचं. दोन्हीकडचं काम ठप्प. मेकॅनिकबाईंनी तेल बदललं, कूलर धुतला, गुण नाही. आज त्यांनी गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर दोरा धरला. तो भिंतीकडे झेपावला. भिंतीजवळ नेला, तर उलटून यंत्राच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाकडे ओढला गेला. “स्वतःचीच गरम हवा पुन्हा गिळतंय,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनीही गिळलं. बायकोने छत न्याहाळलं. पलीकडे धाकट्याचा हातोडा थबकला. थोरल्याने दोरा स्वतः धरून पाहिला. मग भिंतीवर थाप मारली. “अरे, ऐकतोयस ना? हातोडा घेऊनच ये. ही भिंत पाडूया.”