खोकल्याचं बटण

“खोकला?” डॉक्टरांनी विचारलं.

“अजिबात नाही,” बातमीकाका म्हणाले.

“धाप?”

“नावालाही नाही.”

“ताप?”

“डॉक्टर, तुम्ही तर ठळक बातम्याच घ्यायला लागलात.”

डॉक्टर हसल्या. दाराशी उभी असलेली सिस्टर हसली. स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसलेल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

काकांची उभी हयात रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना बातमीकाकाच म्हणायची, आणि दवाखान्यातही तेच नाव चिकटलं होतं. आवाज अजून तसाच होता, भरदार आणि घासून पुसून ठेवल्यासारखा. ज्या फुप्फुसातून तो यायचा, त्यातली गाठ मात्र ऑपरेशनच्या आवाक्याबाहेर गेलेली होती. म्हणून आधी किरणं आणि केमो असा जोडीने मारा झाला. त्या दिवसांत काकांचे केस गेले, चव गेली. बोलणं तसूभरही कमी झालं नाही. मग तिसरं औषध सुरू झालं, इम्युनोथेरपीचं. शरीरातल्याच झोपलेल्या पहारेकऱ्यांना हलवून जागं करायचं आणि गाठीवर सोडायचं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. महिन्यातून एकदा यायचं, खुर्चीत रेलायचं, ड्रिप लावून घ्यायची आणि सिस्टरला स्टुडिओतले किस्से सांगायचे. गाठ आक्रसत होती. काका त्या ड्रिपला ‘माझं पेन्शन’ म्हणत.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमास्तर असायचे. त्यांनी एकदा डॉक्टरांना आपणहून सांगितलं, की खोकला सुरू झालाय. पुढच्या खेपेला ती खुर्ची रिकामी होती.

“त्यांची ड्रिप थांबवलीय,” सिस्टर म्हणाली होती.

काकांनी तेवढंच ऐकलं आणि गाठीशी बांधून ठेवलं. खोकला सांगितला की पेन्शन बंद. नेमका गेल्या आठवड्यात त्यांनाही खोकला लागला. कोरडा, ढास लागल्यासारखा. काका न्हाणीघरात नळ सोडून खोकून घेत.

दुसरा कोणी असता तर डॉक्टरांसमोर पकडला गेला असता. पण स्टुडिओत माइकशेजारी एक बटण असतं. ते दाबलं की माइक क्षणभर मुका होतो आणि वाचणाऱ्याला खोकून घेता येतं. त्याला खोकल्याचं बटणच म्हणतात. काकांनी ते कधीही दाबलं नव्हतं. घशात खोकला आला, की ते जीभ टाळूला चिकटवत, दोन शब्दांमध्ये केसभर रेंगाळत, आवंढा गिळत आणि पुढचा शब्द किंचित खालच्या पट्टीत उचलत. ऐकणाऱ्याला वाटे, काय वजनदार वाचतात! नवे निवेदक ही युक्ती शिकायला घरी यायचे.

डॉक्टरांनी बोटाला लावलेला चिमटा काढला. “ऑक्सिजन ठीक आहे. चला, लावू या ड्रिप.”

“थांबा,” काकू म्हणाल्या. “हे आत्ता खोकलेत.”

“आत्ता?” डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “कधी?”

“‘अजिबात’ आणि ‘नाही’च्या मध्ये.”

“काहीतरीच तुझं!” काका म्हणाले.

डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. “काका, किरणांनी फुप्फुसाला सूज येऊ शकते. या औषधानेही येऊ शकते. तुम्हाला दोन्ही दिलंय. लवकर कळलं तर बहुतेकदा गोळ्यांनी उतरते.”

“आणि ड्रिप बंद. पोस्टमास्तरांची केलीत तशी.”

“थांबवली, म्हणून तर ते घरी बसून सुनेच्या चहाला नावं ठेवतायत. सूज पूर्ण उतरली तर पुन्हा सुरू करायचं का, ते बघू. पण सूज अंगावर काढली असती, तर थांबवायला पेशंटच राहिला नसता. आता खरं सांगा. खोकला आहे?”

काका बायकोकडे वळले.

“अगं, एवढी वर्षं माइकसमोर बसलो. मी खोकलो असं एकदा तरी कोणी म्हणालं का? आमचे साहेब म्हणाले? ऐकणाऱ्यांची पोतंभर पत्रं यायची, त्यात कोणी लिहिलं?”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही घरी आलात, की कधी कधी मिठाचं गरम पाणी तयार असायचं. गुळण्यांना.”

“ते हवा गार असली की.”

“हवा कशीही असली तरी.”

काकांनी जीभ टाळूला लावली. मग सोडून दिली. आणि ते खोकले. पुढे वाकून, गुडघे धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन धावली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि लगेच स्कॅनसाठी फोन उचलला.

स्कॅनच्या खोलीबाहेर एक लांबलचक बाक होता. दोघं बसले. काका फुरंगटलेले होते. सूज, ड्रिप, पोस्टमास्तर हे सगळं आता मागे पडलं होतं, वेगळंच काहीतरी डाचत होतं.

“एक सांग,” ते म्हणाले. “घरी आल्यावर मी तुला मुद्दाम विचारायचो, आज काय काय झालं सांग. तू नुसती छताकडे बघायचीस. रोज रेडिओला कान लावून बसायचीस, आणि तुला एक बातमी धड आठवायची नाही!”

“अहो,” काकू म्हणाल्या, “बातम्या कोण ऐकत होतं?”