चाकं बसेनात

चाक स्टडच्या बोल्टांवर बसलं, पण फिरेना. मिस्त्रीने हाताने जोर देऊन पाहिला, तर आतून खर्रर्र आवाज आला.

"काय झालं, काका?" पुतणीने वाकून विचारलं.

"ब्रेकचा कॅलिपर रिमला घासतोय." त्याने चाक पुन्हा उतरवलं. "ही चाकं जुन्या ड्रम ब्रेकच्या मापाची. आता बसवलेल्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर आडदांड, त्याला आत जागाच नाही."

पुतणीचं तोंड एवढंसं झालं. गाडी बाबांची, तर चाकंही बाबांचीच हवीत, हा तिचा हट्ट. चाकांच्या टोप्या तिने स्वतः घासूनपुसून चकचकीत केल्या होत्या.

"मध्ये स्पेसरची चकती टाकली तर? चाक बाहेर येईल ना? मी व्हिडिओत पाहिलंय."

चाक बाहेर आलं असतं, यात शंका नाही. पण स्टडची लांबी तेवढीच राहणार आणि नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर लटकणार. दुसऱ्या एखाद्याने "चालतंय की" म्हणून गाडी देऊन टाकली असती. एके काळी मिस्त्रीनेही दिली असती.

"नाही. एक इंच मोठी चाकं लावायची. टोप्या विसर."

"काका, तुम्ही ना, अगदीच भित्रे आहात!"

तो हसला. काका कधीपासून भित्रा झाला, हे त्या पोरीला कुठे ठाऊक होतं?

ती तेव्हा धड बोलायलाही लागली नव्हती. थोरल्या भावाला सकाळी गाडी हवी होती आणि मिस्त्रीला संध्याकाळी मित्रांकडे पळायची घाई होती. त्याने ब्रेकचे लायनर बदलले. ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, म्हणून एकेका चाकाची हवा काढायची असते, तीही काढली. निदान काढली असावी. चारही चाकांची काढली की तीनच, हे नंतर डोकं फोडूनही त्याला आठवेना.

सकाळी दादा आणि वहिनी गाडी घेऊन निघाले आणि उतारावरच्या वळणाला गाडी झाडावर गेली. दोघंही बाहेर फेकले गेले, दादा जागीच गेला. वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ब्रेक लागलेच नाहीत."

ब्रेकच्या नळ्या तुटल्या होत्या, त्यांवरून काही कळण्यासारखं नव्हतं. मिस्त्रीला पुरावा हवा होता कुठे? भावाला आपणच मारलं, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. दादाचं घर त्याने अंगावर घेतलं. लग्नाचा विषय निघाला की तो कुठलं तरी इंजिन उघडून बसायचा, आणि पुढे पुढे तो विषय निघेनासाच झाला.

वहिनींनी त्याला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. उलट पहिलं ताट त्याचं वाढायच्या, तो तापाने फणफणला की उशाशी बसायच्या. त्यांच्या चांगुलपणाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी एकदा तरी तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

पत्रा तेवढा सरळ करून गाडी शेडमध्ये झाकून ठेवली होती. वहिनी ती विकूही देत नव्हत्या. आता लेकीला लायसन्स मिळालं, तिने बाबांच्याच गाडीचं टुमणं लावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ब्रेक तुम्हीच करा, भाऊजी. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." हे ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आवरण काढून तो पहिल्यांदा आत बसला, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. अपघातानंतर टोचन लावून ओढून आणणाऱ्यांनी सीट पुढे ओढली असणार. ती मागे सारून तो कामाला लागला होता.

मोठी चाकं आली. कॅलिपर आणि रिमच्या मधून बोट सहज फिरलं. नट त्याने समोरासमोरचे आवळले, मग सगळे पुन्हा तपासले. चारही चाकांची हवा काढली, आणि झाल्यावर परत पहिल्यापासून काढली. पुतणी कंटाळून मैत्रिणीला आणायला निघून गेली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"वहिनी, जरा आत बसता का? मी ढकलतो, सांगितलं की पेडल दाबायचं. चाक कुठे घासत नाही ना, ते मला कान देऊन ऐकायचंय."

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मी नको. तिला येऊ दे ना."

"तिच्याआधी माझी खात्री होऊ दे. इंजिन बंद आहे. मधलं पेडल, बाकी काही नाही."

"माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि बसल्या. स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. घाबरणारच, त्याने मनात म्हटलं.

त्याने खांदा लावून गाडी ढकलली. चाकं मुकाट फिरली.

"दाबा!"

गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा ढकलली, पुन्हा तशीच थांबली. घासल्याचा आवाज औषधालाही नव्हता.

मिस्त्री चाकाशेजारी मट्कन खाली बसला.

"वहिनी, त्या संध्याकाळी मी असं काम केलं असतं, तर दादा आज असता." तो चाकाकडे बघतच म्हणाला. "इतकी वर्षं जीभ रेटली नाही. हवं ते बोला मला, पण एकदा माफ केलं म्हणा."

पेडलवरचा पाय वहिनींनी अजून उचलला नव्हता.

"ब्रेक चांगले होते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे मला गाडी शिकवत होते. माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला."