आठ सिलिंडरांची धडधड

विश्वासराव घोरपड्यांनी विजेवर चालणारी नवी कोरी मस्टंग दारात आणली आणि थोरल्या बहिणीला, अक्कांना, शेजारी बसवून ती सुरू केली. कोल्हापुरात आवाजबंदी आल्यापासून गाडीची डरकाळी रस्त्यावर उमटत नसे, फक्त बसणाऱ्याच्या कानातल्या यंत्रात वाजे. शेडमधल्या जुन्या मस्टंगच्या दुप्पट ताकद होती हिच्यात. विश्वासराव हरखून गेले.

अक्का जन्मापासून बहिऱ्या. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी खुणेनं विचारलं, "सुरू कधी करणार?"

विश्वासरावांनी कानातलं यंत्र काढलं. वडिलांची जुनी मस्टंग सुरू झाली, की अक्का धावत येऊन बॉनेटला गाल लावायच्या आणि खुदकन हसायच्या. आज दुपारी ती जुनी गाडी न्यायला संग्रहालयाचा ट्रक येणार होता.

त्यांनी अक्कांना हाताला धरून शेडमध्ये नेलं, जुन्या गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. सीट थरथरली, काचा खडखडल्या. अक्कांनी दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवले.

"विश्वासराव, दंड होईल!" शेजारचे गृहस्थ गच्चीवरून ओरडले.

पेट्रोल आता कुठंच मिळत नव्हतं. टाकीत होतं तेवढंच. विश्वासरावांनी खुणेनं विचारलं, "ट्रकवर चढवण्यापुरतं राखू या?"

"ढकलत चढवू," अक्कांनी खुणावलं आणि हात पुन्हा डॅशबोर्डवर ठेवले.

विश्वासरावांनीही आपले तळवे त्यांच्या शेजारी टेकवले. बऱ्याच वेळानं इंजिन ठसकत थांबलं, तरी दोघांनी हात उचलले नाहीत.