चाचणीची खुर्ची

दमयंतीनं सौमित्र टिपणीसची कॉलर धरून त्याला चाचणीच्या खुर्चीत आदळलं, तेव्हा त्याचा चष्मा फुटला होता आणि भुवईतून रक्त ओघळत होतं. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजव्यानं तिनं पट्टा करकचून आवळला.

"ताई, ऐका तरी! पोलीस येतील!"

"येऊ देत. तोवर तू विमान उतरवून दाखव."

विमान उडवण्याच्या या खेळात विमान जितक्या जोरानं आदळेल, तितक्याच जोरानं खुर्ची खेळणाऱ्याला आदळायची. त्याच थरारासाठी लोक रांगा लावायचे. म्हणून कंपनीत रीतच होती, की ज्यानं अपडेट लिहिलं त्यानं आधी स्वतः बसून एकदा विमान उतरवायचं. त्या शुक्रवारी मात्र घाई होती. सौमित्रनं न बसताच सही ठोकली. शनिवारी धावपट्टीवर विमानाची चाकंच उघडली नाहीत. दमयंतीचा हात मोडला आणि शेजारच्या खुर्चीतल्या तिच्या भावाची, विश्रामची, मान. मंगळवारी लगबगीनं दुसरं अपडेट आलं. त्यात आकाशाचा रंग सुधारला होता.

तिनं बटणाकडे हात नेला.

"नको!" सौमित्र किंचाळला. "चाकं अजून उघडत नाहीत! कुठं चुकलंय ते मला माहीत आहे. दहा मिनिटं द्या, आत्ता दुरुस्त करतो!"

तिचा हात थबकला. "दहा मिनिटं?"

"आईशप्पथ, तेवढीसुद्धा नाही लागणार!"

विश्रामचा तेरावा कालच झाला होता.

तिनं बटण दाबलं.