हातची चव

बायकोला विसरण्याचा आजार जडला आणि एकदा गॅस तसाच उघडा राहिला, तेव्हापासून घड्याळजींनी तिला शेगडीजवळ जाऊ देणं बंद केलं. त्यांना स्वतःला चहापलीकडे काही येत नव्हतं. मग सुपरमार्केटातल्या तयार जेवणाची पाकिटं घरात येऊ लागली. वेष्टनावरच्या फोटोत भाजी कशी रसरशीत दिसायची. ताटात मात्र नुसता बेचव लगदा पडायचा.

आजही पहिल्याच घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं. जन्मभर ते हिच्या हातचं बोटं चाटून जेवले होते, पण "छान झालंय" म्हणायला त्यांची जीभ कधी रेटली नव्हती.

समोर बायकोनंही घास घेतला आणि तिचा चेहरा पडला. "अहो, आज बिघडलंच हो माझ्याकडून. कशालाच चव नाही. राहू द्या, खाऊ नका."

घड्याळजींनी घाईघाईनं दुसरा घास तोंडात घातला.

"छे गं! झकास झालंय," म्हणत त्यांनी पाकिटातलं उरलंसुरलंही आपल्या ताटात ओतून घेतलं.

बायको हरखली.

"इतकं आवडलं? मग उद्याही हेच करते!"