मागचा दिवा

बाबांनी सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात बँकर इंजिनावर केली: चढावर गाडीला मागून रेटायचं, लोणावळ्याला सुटून एकट्यानं खाली यायचं. लडाखच्या चढावरही त्यांची सायकल माझ्या मागेच होती. मी शिकायला जर्मनीला जाण्याआधीची ही आमची सुट्टी. खिंडीच्या दोन वळणं अलीकडे त्यांना श्वास पुरेना. “हवा विरळ आहे, बाबा. दोघंही सोबतच्या जीपनं परत फिरू,” मी म्हणाले. “येडी का तू? बँकर सुटलं म्हून गाडी माघारी फिरती व्हय?” धापा टाकत ते हसले. आपल्या सायकलचा लुकलुकता लाल दिवा काढून त्यांनी माझ्या सीटखाली बसवला. “आता शेवटचा डबा तूच. दिवा तुझ्याकडंच पायजे.” मी निघाले. पुढच्या वळणावर ढग उतरला होता. मागे वळून पाहिलं, तर बाबा दिसेनात. खालून त्यांचा आवाज आला, “दिसतोय गं, जा!”