फेरतपासणी

"एक तक्रार खरी असेल तर शपथ!" टीसीकाकांनी नगरपालिकेच्या व्हरांड्यातच आवाज चढवला. "सगळी लबाड मंडळी. आत सभेत मी हेच सांगणार."

समोर मुख्याधिकारी बाई उभ्या होत्या. आत सभागृहात नगरसेवक जमले होते. आज तपासनीस योजनेचा निकाल लागायचा होता. ती चालू ठेवायची की गुंडाळायची, हे काकांच्या सांगण्यावर ठरणार होतं.

काका जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस. विनातिकीट माणूस त्यांना चालीवरून कळायचा. एकदा तर सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी डब्यातून उतरवलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला फक्त घर उरलं आणि सूनबाईच्या नाकीनऊ आले. तेवढ्यात नगरपालिकेने हे नवीन काढलं. तक्रारींचा ढीग साचलाय, तर निवृत्त माणसांनी घरोघर जाऊन खरंखोटं बघावं. पगार नाही, बिल्ला मात्र पितळी. तेव्हापासून काकांची छाती फुगलेलीच होती.

एक अट तेवढी त्यांना खुळी वाटायची. दारातून तपासणी चालणार नाही. आत जाऊन बसायचं, आणि आठवड्याने फेरतपासणीला पुन्हा जायचं.

काका गेले. मागच्या गल्लीतल्या आजींचा नळ म्हणे कोरडा ठणठणीत. तो धो धो वाहत होता. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याची तक्रार, दारासमोरचा दिवा लागत नाही. तिन्हीसांजेपर्यंत दोघे बुद्धिबळ खेळत बसले, आणि दिवा मुकाट लागला. फेरतपासणीला गेले तर आजींनी नळ सोडून गटार धरलेलं. त्या गटारात शोधून घाण सापडली नसती!

"तोंडावर खोटं बोलतात, बाई!"

"बोलतात ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "नळ बघून झाल्यावर काय झालं, काका?"

"काय व्हायचंय? चहा झाला. मुलाचे फोटो झाले. नातवंडांचे झाले. निघतो म्हटलं तर उठू देईनात."

"चहा तुम्ही पोचल्यावर टाकला त्यांनी?"

काकांनी आठवून पाहिलं. चहा तयारच होता. कप दोन मांडलेले होते. शिंप्याकडे पटावर सोंगट्यासुद्धा लावून ठेवलेल्या होत्या, आणि पांढऱ्या सोंगट्या पाहुण्याच्या बाजूला. काकांनी चोर तेवढे बरोबर पकडले होते. कशासाठी चोरी केली, हे मात्र त्यांना दिसलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"मला करमत नाही, अशी तक्रार कोण घेऊन येणार हो नगरपालिकेत? लाज वाटते माणसाला. मग नळ बिघडतो, दिवा बिघडतो. नळासाठी माझ्याकडे प्लंबर आहे, काका. बाकीच्यासाठी नव्हतं कुणी. म्हणून ती आत बसायची अट." बाईंनी दार उघडून धरलं. "पण तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. मी अडवणार नाही."

काकांना भरून आलं. ज्या नगरपालिकेच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, तिने एवढं डोकं लढवलं होतं. आपल्या गावाने! आणि त्यासाठी निवडून निवडून आपल्यासारख्या खडूस माणसाला बिल्ला दिला होता.

आतून पुकारा झाला. काका सभेसमोर ताठ उभे राहिले. सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं.

"थोडक्यात सांगा, काका. किती तक्रारी खऱ्या निघाल्या?"

"सगळ्या, साहेब," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "एकूण एक. प्रत्येक घरात मी स्वतः बसून आलोय."